शुश्रूषा करणाऱ्यालाच गाठणारा विषाणू

‘प्रश्न तुमचे’ या सदरात या वेळी फक्त इबोलाबद्दलची पत्रे घेतली आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली आहे, तिथे पत्रे एकत्र केली आहेत. परिचारिका आणि सफाईचे काम पाहणाऱ्या वाचकांनी नेमके प्रश्न विचारले, त्यांना उत्तरही तसेच सविस्तर दिले आहे.

इबोला हवेतून पसरत नाही असे सगळीकडे वाचले. मग गोवरापेक्षा त्याची धास्ती जास्त का?

पसरण्याच्या वेगात इबोला गोवराच्या जवळपासही नाही. आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाचा एक रुग्ण साधारण दोघांना लागण देत होता. धास्तीचे एक कारण मृत्युदर. वेगवेगळ्या साथींमध्ये तो २५ ते ९० टक्के राहिला आहे, सरासरी काढली तर निम्मे रुग्ण दगावतात.

दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. हा विषाणू कोणाला गाठतो ते पाहा. लक्षणे दिसण्याआधी रुग्णापासून लागण होत नाही. ताप आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तात विषाणू कमी असतो. आजार बळावतो तसा तो वाढत जातो आणि मृत्यूच्या सुमारास सर्वात जास्त असतो. म्हणजे रस्त्यात शेजारून गेलेल्या माणसाला धोका जवळजवळ नसतो. धोका असतो उलटी पुसणाऱ्या आईला, सलाइन लावणाऱ्या परिचारिकेला, मृतदेहाला अंघोळ घालणाऱ्या नातलगांना. रक्त, उलटी, जुलाब, घाम, लाळ, लघवी यांपैकी काहीही त्वचेवरच्या चिरेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांतून आत गेले की पुरते.

१९७६ मध्ये झैरमधल्या (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांबुकू गावात ही साथ पहिल्यांदा ओळखली गेली. तिथल्या मिशन रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाला दिवसाला पाच सिरिंजा मिळत. त्याच कोमट पाण्यात खळबळून पुढच्या रुग्णाला वापरल्या जात. ३१८ जणांना लागण झाली, २८० मरण पावले. रुग्णालयातल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ दगावले आणि रुग्णालय बंद पडले. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २८,६०० हून अधिक रुग्ण, ११,३०० हून अधिक मृत्यू, त्यात ५०० वर आरोग्य कर्मचारी. दवाखाने ओस पडले की हिवतापाला औषध मिळत नाही, बाळंतपणे अडतात, लसीकरण थांबते. हे मृत्यू इबोलाच्या आकड्यात मोजलेच जात नाहीत.

डासांमुळे होतो का?

नाही. डासांमुळे इबोला पसरल्याचा पुरावा नाही.

एका परिचारिकेचा प्रश्न: ताप, अंगदुखी, जुलाब हे तर हिवताप आणि टायफॉइडमध्येही दिसते. तपासणीच्या टेबलावर इबोलाची शंका नेमकी कधी घ्यायची?

केवळ लक्षणांवरून पहिल्या दिवसांत ओळखता येत नाही, हे आधी मान्य करायला हवे. संसर्गानंतर २ ते २१ दिवसांत अचानक ताप येतो. सोबत कमालीचा थकवा, डोके व स्नायू दुखणे, घसा धरणे. याला ‘कोरडा’ टप्पा म्हणतात. काही दिवसांनी ‘ओला’ टप्पा सुरू होतो: उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटदुखी, कधी पुरळ. दिवसाला पाच लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी शरीरातून जाऊ शकते. रक्तस्राव मात्र निम्म्याहून कमी रुग्णांत दिसतो आणि दिसला तरी उशिरा. ‘रक्त येत नाही, म्हणजे इबोला नाही’ असे समजून अनेक दवाखान्यांनी रुग्णाला सर्वसाधारण वॉर्डात घेतले आणि साथ आत आणली. ताप असलेल्या रुग्णाला न थांबणारी उचकी लागली असेल, तर ती गांभीर्याने घ्या. इबोलाच्या काही रुग्णांत ती दिसते.

म्हणून साथीच्या भागात लक्षणांइतकेच वजन प्रश्नांना द्यावे लागते. गेल्या २१ दिवसांत घरात किंवा ओळखीत कोणी आजारी पडून वारले का? अंत्यविधीला गेला होता का, मृतदेहाला हात लावला का? कोणत्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले? जंगलात मेलेला प्राणी हाताळला का? वटवाघळे, माकडे? हे प्रश्न रुग्णाला स्पर्श करण्याआधी विचारायचे, किमान एक मीटर अंतरावरून, जमल्यास दोन. दटावून विचारले तर खरे उत्तर मिळत नाही.

तपासणीतल्या दोन चुका वारंवार होतात. पहिली, हिवतापाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून निश्चिंत होणे. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. दुसरी, लवकर घेतलेल्या नमुन्यावर विसंबणे. लक्षणे सुरू होऊन ७२ तास झाले नसतील, तर पीसीआर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण रक्तात विषाणू पुरेसा नसतो. अशा रुग्णाला घरी न सोडता ७२ तास उलटल्यावर पुन्हा नमुना घ्यायचा. या काळात त्याला खात्रीच्या रुग्णांशेजारी ठेवू नये. नसलेला आजार त्याला तिथेच लागेल.

क्लोरीनचे ०.५ आणि ०.०५ टक्के अशी दोन द्रावणे का? सरसकट तीव्र द्रावण वापरले तर काय बिघडते?

०.५ टक्के द्रावण वस्तू, फरशी, बेड, सांडलेले रक्त यांसाठी. ०.०५ टक्के उघड्या हातांसाठी, तेही साबण-पाणी किंवा अल्कोहोलचे हँडरब नसेल तेव्हाच. इबोलाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते आणि साध्या साबणानेही ते फुटते. ४० ते ६० सेकंद साबणाने हात धुणे पुरेसे आहे. तीव्र क्लोरीन रोज हातांवर घेतले तर त्वचा भेगाळते आणि त्या भेगाच विषाणूला वाट देतात. नुकसान होते ते इथे.

बनवण्याची रीत अशी. बाजारातले द्रव ब्लीच ५ टक्क्यांचे असेल, तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, झाले ०.५ टक्के. या द्रावणाचा एक भाग घेऊन नऊ भाग पाणी घातले की ०.०५ टक्के. पावडर वापरायची तर डब्यावर क्लोरीनचे प्रमाण वाचा. हव्या त्या टक्केवारीला डब्यावरच्या टक्केवारीने भागून हजाराने गुणा, म्हणजे दर लिटरला लागणारे ग्रॅम मिळतात. ७० टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटचे ०.५ टक्के द्रावण करायला लिटरला ७ ग्रॅमच्या थोडे वर, २० लिटरच्या बादलीला सुमारे १४३ ग्रॅम. ३५ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर याच्या दुप्पट. आधी पाणी, मग पावडर. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी वापरा.

हे द्रावण टिकत नाही. उन्हात, उघड्या बादलीत त्याची ताकद उतरते, पण रंगरूपात फरक दिसत नाही. रोज सकाळी नवे करा, झाकून सावलीत ठेवा, बादलीवर टक्केवारी आणि तारीख लिहा. दोन्ही बादल्या सारख्या रंगाच्या असतील तर अदलाबदल होणारच, म्हणून रंग वेगळे ठेवा. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू सुटतो.

क्लोरीन घाणीवर वाया जाते, हे बरेचदा लक्षात घेतले जात नाही. रक्त किंवा उलटी यांतल्या सेंद्रिय पदार्थाशी त्याची क्रिया होऊन ते संपते आणि विषाणूसाठी उरत नाही. सांडलेल्या रक्तावर आधी शोषक कापड टाका, त्यावर ०.५ टक्के द्रावण ओता, १५ मिनिटे थांबा. मग सगळे उचलून कचऱ्याच्या पिशवीत, जागा साबणाच्या पाण्याने स्वच्छ आणि त्यानंतर पुन्हा क्लोरीन. पंपाने फवारू नका. फवाऱ्याने तुषार उडतात, कोपरे कोरडे राहतात आणि फवारणाऱ्याचे डोळे व छाती भाजून निघते. माणसांवर तर कधीच फवारू नका.

संरक्षक पोशाख असूनही डॉक्टर-परिचारिकांना लागण कशी होते?

बहुतेकदा पोशाख काढताना. घालताना तो स्वच्छ असतो, तेव्हा चूक झाली तरी सुधारता येते. काढताना बाहेरचा प्रत्येक सेंटिमीटर दूषित धरायचा असतो आणि तेव्हाच माणूस थकलेला, घामाने निथळलेला, बाहेर पडायला उतावीळ असतो. उष्ण हवामानात हा पोशाख सुमारे तासभरच सहन होतो. तासाच्या वर आत थांबवले की हात थरथरतात, गॉगल धुकटतो, नीट दिसत नाही. पाळी आखतानाच ही मर्यादा पाळावी, कर्मचाऱ्याच्या जिद्दीवर सोडू नये.

गाऊनचा पोशाख काढण्याचा क्रम असा: हातमोज्यांवर निर्जंतुकीकरण, मग पुढे वाकून एप्रन, बाहेरचे हातमोजे, डोके व मानेवरचे आवरण, गाऊन मागून सोडून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, त्यानंतर गॉगल, मास्क, बूट आणि शेवटी आतले हातमोजे. प्रत्येक पायरीनंतर हात निर्जंतुक करायचे, एकही पायरी न गाळता. गॉगल आणि मास्क डोक्यामागच्या पट्ट्यांना धरूनच काढायचे. मास्कची खालची पट्टी आधी, वरची नंतर. पुढच्या भागाला हात लावायचा नाही.

समोर एक प्रशिक्षित निरीक्षक उभा असलाच पाहिजे. तो यादीतली पायरी मोठ्याने वाचतो, कर्मचारी तेवढीच करतो आणि थांबतो. पाठ असलेल्यांनाही याची गरज असते, कारण नकळत होणारी हालचालच घात करते. कपाळावरचा घाम मनगटाने टिपणे, घसरलेला गॉगल बोटाने वर सारणे, बूट ओढताना तोल जाऊन भिंतीला हात टेकणे. या हालचाली स्वतःला जाणवत नाहीत, समोरच्याला दिसतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात एका रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. साधनसामग्रीने सज्ज रुग्णालयही सुटत नाही.

सुईला पुन्हा टोपण घालणे पूर्ण बंद ठेवा. न भोसकणारा डबा हाताच्या अंतरावर असावा. तो पाऊण भरला की बदला.

घरातल्या माणसाबद्दल शंका आली आणि रुग्णवाहिका यायला वेळ असेल, तर घरच्यांनी काय करावे?

आधी साथीच्या मदत क्रमांकावर कळवा. रुग्णाला स्वतंत्र खोली द्या, जमल्यास स्वतंत्र शौचालय, नाहीतर झाकणाची बादली. सेवेला एकच व्यक्ती ठेवा, शक्यतो गर्भवती नको. ओआरएस लिटरच्या बाटल्यांत करून त्याच्या हाताशी ठेवा आणि लांबून सतत प्यायला सांगा. तापाला पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. त्याचे कपडे, चादरी हाताने धुऊ नका, पथक येईपर्यंत तशाच राहू द्या. हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर चढवा, पण पिशवी काढल्यावर साबणाने हात धुणे टाळू नका. टॅक्सीने किंवा दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. आपल्या माणसापासून दूर राहायला सांगणे कठोर आहे, हे आम्ही जाणतो. एका रुग्णापासून घरातली इतर माणसे आजारी पडतात ती बरेचदा याच काही तासांत.

मृत्यूनंतर माणसाला अखेरचा निरोपही देऊ न देणे अमानुष नाही का?

निरोप नाकारणे अमानुषच आहे आणि ते साथीलाही पोसते. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाची राजधानी मॉन्रोव्हिया इथे इबोलाचे मृतदेह जाळण्याचा आदेश निघाला. दफनाची रीत असलेल्या समाजाला ते सहन झाले नाही. लोक आजारी माणसे घरातच लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. डिसेंबरमध्ये डिस्को हिल इथे दफनभूमी उघडली आणि दहन थांबले. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक’ दफनाची १२ पायऱ्यांची पद्धत तयार केली होती, तीही धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञांशी बोलून.

पथक घरी येते ते साध्या कपड्यांत, आधी सांत्वन आणि बोलणे होते. पोशाख त्यानंतर, कुटुंबाच्या देखत चढवायचा. थेट पांढऱ्या पोशाखात दारात उतरले की विश्वास तिथेच संपतो. मृतदेहाला अंघोळ नाही, स्पर्श नाही, पण बाकी बरेच काही करता येते. पिशवीत ठेवायचे वस्त्र किंवा वस्तू कुटुंब देते. मुस्लिम मृतासाठी तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी कोरड्या पद्धतीने करायची धार्मिक शुद्धी, पथकातली व्यक्ती करते. खड्डा खोदणे, प्रार्थना, पहिली माती यांत नातलग असतात आणि कबरीवर नाव लागते. पिशवी बंद करण्याआधी घरच्या एकाला अंतरावरून चेहरा पाहू द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. पिशवीत कोण आहे याची शंका राहिली की अफवा उठतात आणि पुढच्या घरी पथकाला दार उघडत नाही.

एखादा रुग्ण विमानाने मोठ्या शहरात उतरला तर?

नायजेरियातल्या लागोसमध्ये हे घडले. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला प्रवासी विमानतळावर कोसळला. खासगी रुग्णालयात त्याच्यावर हिवतापाचे उपचार सुरू झाले. डॉ. अमेयो स्टेला अदादेवो यांना इबोलाची शंका आली. त्याला सोडण्यासाठी आलेल्या दडपणाला त्यांनी दाद दिली नाही आणि त्याला बाहेर जाऊ दिले नाही. त्यांना लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. दोन कोटींच्या घरातल्या त्या महानगरातून साथ पसरली असती, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. सुमारे ८९० संपर्कांची यादी झाली आणि त्यांना जवळपास १८,५०० वेळा घरी जाऊन भेटले गेले. पोलिओ मोहिमेची यंत्रणा या कामाला जुंपली होती. २० रुग्ण, ८ मृत्यू, तिथेच साखळी तुटली. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

संपर्कातल्या प्रत्येकाची शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस देखरेख होते, ताप रोज मोजला जातो. मधेच पुन्हा संपर्क आला तर मोजणी पहिल्यापासून. काम नीट चालले आहे की नाही, याचा एक कस आहे: आजचा नवा रुग्ण कालच्या यादीत होता का? नसेल तर कुठेतरी साखळी सुटली आहे, मग एकूण आकडा कमी होत असला तरी. आणि घरी बसवलेल्या माणसाला धान्य-पाणी पोचवा. पोट भरत नसेल तर तो बाहेर पडणारच, दोष त्याचा नाही. अख्खी वस्ती कोंडून हे साधत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये मॉन्रोव्हियातली वेस्ट पॉइंट वस्ती तारा लावून कोंडली. दंगल झाली, गोळीबारात एक मुलगा गेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला.

लस आणि औषध आहे ना? मग सगळ्यांनाच टोचून का टाकत नाहीत?

इबोलाचे अनेक प्रकार आहेत. ‘एर्वेबो’ ही एका डोसची लस फक्त झैर प्रकारावर चालते. सुदान प्रकारासाठी मान्यताप्राप्त लस नाही. युगांडात २०२५ च्या सुरुवातीला सुदान प्रकाराची साथ आली, तेव्हा जाहीर झाल्यापासून चार दिवसांत एका प्रायोगिक लसीची चाचणी सुरू करण्यात आली. एर्वेबो उणे ६० ते उणे ८० अंश सेल्सिअसला साठवावी लागते, साध्या फ्रिजमध्ये दोन आठवडेच टिकते. म्हणून ती ‘वर्तुळ’ पद्धतीने देतात: रुग्णाचे संपर्क, त्या संपर्कांचे संपर्क आणि आरोग्य कर्मचारी. २०१५ मध्ये गिनीतल्या चाचणीत लस घेऊन दहा दिवस उलटलेल्यांपैकी एकालाही इबोला झाला नाही. त्या दहा दिवसांत मात्र संरक्षण धरून चालू नका. टोचल्यावर ताप येऊ शकतो, तो लसीचा की आजाराचा हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. वर्तुळ कोणाभोवती आखायचे ते संपर्कांच्या यादीवरून ठरते. यादी कच्ची असेल तर लसही चुकीच्या दंडात जाते.

औषधांचेही तसेच. ‘इन्माझेब’ आणि ‘एबांगा’ ही दोन प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) औषधे झैर प्रकारासाठी २०२० मध्ये मंजूर झाली. एबांगातले प्रतिपिंड १९९५ मध्ये काँगोतल्या किकविट इथे आलेल्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून मिळाले. काँगोतल्या चाचणीत ही औषधे घेणाऱ्या दर तिघांपैकी सुमारे एक दगावला. लवकर दाखल झालेल्यांचे मृत्यू याहून बरेच कमी होते. औषध नसतानाही सलाइन, ओआरएस, पोटॅशियम व साखरेची पातळी सांभाळणे आणि सोबतच्या हिवतापावर इलाज यांनी जीव वाचतात. ‘तिथे मरायलाच नेतात’ हा समज उशिरा दाखल होण्याने खरा ठरत जातो.

बरा झालेला माणूस घरी आला. त्याच्यासोबत जेवणे, त्याला मिठी मारणे सुरक्षित आहे का?

होय, निर्धास्तपणे. एकाच ताटात जेवा, जवळ बसा, त्याला कामावर घ्या. रक्तातून विषाणू गेल्यावरच त्याला घरी सोडलेले असते.

सावधगिरी लागते ती मुख्यतः शरीरसंबंधांबाबत. डोळ्याचा आतला भाग, मेंदूभोवतीचा द्रव आणि वृषण या ठिकाणी शरीराची प्रतिकारशक्ती पुरती पोचत नाही, तिथे विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून बऱ्या झालेल्या पुरुषांनी आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी वीर्यतपासणी सुरू करावी, दर महिन्याला करावी आणि लागोपाठ दोन अहवाल निगेटिव्ह येईपर्यंत कंडोम वापरावा. तपासणीची सोय नसेल तर १२ महिने. गिनीत २०२१ मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा विषाणूची जनुकीय रचना २०१४ ते २०१६ च्या साथीशी जुळली. बऱ्या झालेल्या कोणाच्या तरी शरीरात तो पाच वर्षांहून अधिक काळ दडून राहिला असावा. असे क्वचितच घडते. त्यावरून वाचलेल्यांना वाळीत टाकले तर ते तपासणीला येणेच सोडतील. डोळे लाल होणे, अंधुक दिसणे, सांधे दुखणे, ऐकू कमी येणे हे त्यांना पुढे होऊ शकते. त्यासाठी दवाखान्याचे दार त्यांना वर्षानुवर्षे उघडे हवे.

साथ संपली हे कसे ठरवतात?

शेवटचा रुग्ण दोन वेळा निगेटिव्ह आल्यावर, किंवा त्याच्या सुरक्षित दफनापासून, ४२ दिवस नवा रुग्ण नसेल तर. जास्तीत जास्त २१ दिवसांच्या संक्रमण काळाची ही दुप्पट. त्यानंतर आणखी ९० दिवस कडक देखरेख ठेवतात: अचानक झालेल्या मृत्यूंचे लाळेचे नमुने तपासणे, तापाच्या रुग्णांना तेच जुने प्रश्न विचारणे. निधी आणि माणसे साधारण याच ९० दिवसांत काढून घेतली जातात. ती राहू द्यावीत.